काकांच्या गाडीतली खरखर: कार रेडिओच्या एका तक्रारीचा अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. लाख किलोमीटरच्या आत फिरलेली, इंजिन ठणठणीत. मालक बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

काकांचं घर सिंहगड रोडला आणि शेत वाईजवळ. दर शनिवारी पहाटे निघायचं, नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, शिरवळ, खंबाटकी असं करत सुरूर फाट्याला वळायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, हा त्यांचा नेम. रेडिओ या नेमाचाच भाग. निघताना १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती, बातम्यांच्या वेळी मीडियम वेव्हवर पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ. मोबाइलवर हवं ते गाणं लागतं, हे त्यांना कुणी सांगायला गेलं की ते म्हणतात, "हवं ते लागतं, पण नको असलेलं छान गाणं कधी लागतं का?"

मागच्या दिवाळीत भाच्याने हौसेने गाडीचा कायापालट केला. कंपनीचा सीडी स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवला. त्याबरोबर रिव्हर्स कॅमेरा, आरशामागे डॅशकॅम आणि ड्रायव्हरच्या सीटखाली छोटा वूफर. सगळं काम एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात एकाच दिवसात उरकलं. गाडी आमच्याकडे आली फेब्रुवारीत. मधल्या तीन महिन्यांत काय काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

आमच्याआधी झालेले उपाय

स्क्रीन बसवला त्याच आठवड्यात काकांनी रेडिओत खरखर आणि शिट्टी येते अशी तक्रार त्या दुकानदाराकडे नेली. त्याने सप्लायच्या वायरीत 'नॉइज फिल्टर' नावाची काळी डबी जोडून दिली, ३५० रुपये. फरक पडला नाही. मग त्याने लायटरच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर उपटून पाहिला, तरीही फरक नाही. "युनिटचाच ट्यूनर साधा आहे, वरचं मॉडेल घ्या," असा सल्ला देऊन त्याने विषय संपवला. वरचं मॉडेल १८ हजारांचं होतं.

काका मग नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. मेस्त्रींनी स्पार्क प्लग बदलले, ९०० रुपये. जुने प्लग काकांनी डिकीत ठेवले होते, ते मी नंतर पाहिले. कोडमध्ये 'आर' अक्षर होतं. म्हणजे आत साधारण पाच किलोओहमचा रेझिस्टर असलेले, रेडिओला त्रास होऊ नये म्हणूनच बनवलेले प्लग. नवेही तसेच. थोडक्यात, बदलून काही मिळणार नव्हतं. त्यानंतर आवाज एक्सलरेटरबरोबर चढतो हे ऐकून त्यांनी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, काढला आणि रिकंडिशन केलेला बसवला, ५,२०० रुपये. रेडिओ होता तसाच राहिला.

या दोघांना मी नावं ठेवत नाही. एक्सलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकली की कुणाचाही हात अल्टरनेटरकडेच जातो. अल्टरनेटर आतून तीन फेजचा एसी तयार करतो आणि डायोड तो डीसी करतात, पण त्या डीसीवर बारीक लाट उरते. बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा. इंजिन ८०० आरपीएमवर असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे १,२०० लाटा होतात. कानाला ही सरळ शिट्टी ऐकू येते. इंजिन तिप्पट वेगात नेलं की शिट्टीही ३,६०० हर्ट्झवर जाते. तेव्हा शिट्टी अल्टरनेटरची होती, हे निदान बरोबरच होतं. पण ती रेडिओत कुठून शिरते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. लाट प्रत्येक गाडीत असते, प्रत्येक रेडिओत शिट्टी नसते.

तक्रार नेमकी काय होती

आमच्याकडे एक रिवाज आहे. आवाजाची तक्रार आली की गिऱ्हाइकाला तो आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगायचा. माणसं आधी लाजतात, पण याने अर्धं काम होतं. काका लाजले नाहीत. बाकावर बसून त्यांनी आधी घशातून "खर्रर्र" असा सलग आवाज काढला. मग "सुईईई" करत आवाज वर नेला आणि हाताने गिअर टाकल्यासारखं करून पुन्हा खाली आणला. दुकानातली दोन पोरं हसायला लागली, काकाही हसले. जाता जाता ते म्हणाले, "आणि टोलनाका सोडला की नुसतंच फिस्स होतं, पण ते रेंजचं असेल."

मी जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं: खर्रर्र, सलग, एएमवर जास्त. सुई, इंजिनबरोबर चढते. 'फिस्स' लिहिलंच नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच कारण सांगून टाकलं होतं आणि मला ते पटलं होतं. पुढे दोन दिवस आणि काकांची एक फेरी वाया गेली, ती इथे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवा स्क्रीन घेण्याचा. १८ हजार खर्चून दोष युनिटचा होता का, एवढंच कळलं असतं, तेही दोष तिथे असला तर. दुसरा, सरसकट इलाज: सगळ्या वायरींवर फेराइट (खरखर अडवणारे गोळे) चढवायचे, सगळे अर्थ पॉइंट, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडायच्या जागा, नव्याने करायचे, एरियल बदलायचं. असं करणारे पुष्कळ आहेत आणि कधी कधी आवाज जातोही, पण कशाने गेला ते कळत नाही. पुढच्या गाडीला पुन्हा सगळंच करावं लागतं. तिसरा पर्याय, भाच्याने बसवलेलं एकेक काढत जायचं. हा वाईट नव्हता. पण नऊ इंची स्क्रीन काढायचा म्हणजे अर्धा डॅशबोर्ड उघडायचा, आणि २०१३च्या प्लॅस्टिकच्या क्लिपा एकदा काढल्या की तुटतातच.

मी चौथा निवडला. काहीही न बदलता, आवाज कोणत्या दाराने आत येतो ते आधी शोधायचं. कार रेडिओला दारं तीनच: एरियलची केबल, १२ व्होल्टचा सप्लाय आणि व्हॉल्यूमच्या पुढचा भाग, म्हणजे अ‍ॅम्प, स्क्रीनमधून वूफरकडे आवाज नेणारी आरसीए केबल, स्पीकर. दार कळलं की चोर कळायला वेळ लागत नाही.

पहिला दिवस: तीन चाचण्या

आधी गाडी दुकानातून बाहेर काढली. आमच्याकडे एलईडी ट्यूब आहेत, शेजारी वेल्डिंग चालतं, तिथे एएम ऐकायचं म्हणजे पिठाच्या गिरणीत कुजबूज ऐकण्यासारखं. कालव्याच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे, वरून विजेच्या तारा जात नाहीत, तिथे लावली.

पहिली चाचणी, इंजिन बंद आणि चावी फक्त अ‍ॅक्सेसरीवर. ७९२ लावलं. खर्रर्र जशीच्या तशी. इंजिन बंद असताना ना स्पार्क पडतो ना अल्टरनेटर फिरतो, म्हणजे खरखरीपुरते प्लग आणि अल्टरनेटर दोन्ही एका मिनिटात निर्दोष सुटले. काकांचा चेहरा पडला. ६,१०० रुपयांचा हिशोब त्यांनी मनात केला असणार. मी गप्प राहिलो.

दुसरी चाचणी, इंजिन चालू करून व्हॉल्यूम शून्यावर. रेडिओ गप्प, पण सीटखालून बारीक सुई येतच होती. व्हॉल्यूम शून्य असताना आवाज येतो म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय. शिट्टीचा ट्यूनरशी काही संबंधच नव्हता. वूफरमधून आरसीए केबल उपटल्या, शिट्टी गेली. मल्टिमीटरने वूफरची अर्थ वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजलं. वूफर जोरात वाजत असताना ०.४ व्होल्ट. हे ०.१ च्या आत हवं. सीट सरकवून पाहिलं तर अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, सीटच्या बोल्टखाली दाबलेला, आणि बोल्टखाली कंपनीचा रंग चकचकीत शाबूत. लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं, जो काही संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांतून. त्यामुळे वूफरचा अर्थ आणि स्क्रीनचा अर्थ वेगवेगळ्या पातळीवर राहत होते आणि मधला फरक आरसीए केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून वाहताना अल्टरनेटरची लाटही सोबत घेऊन येत होता.

पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवा लग क्रिम्प केला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं, ०.०३ व्होल्ट. शिट्टी गायब. अल्टरनेटर नव्हे, एक लग. हाताशी होतो म्हणून चार्जिंगही पाहिलं, १४.१ व्होल्ट आणि वरची एसी लाट ३८ मिलिव्होल्ट, म्हणजे उत्तम. जुन्या अल्टरनेटरचीही अशीच असणार, पण तो कधीच एक्सचेंजमध्ये गेला होता.

तिसरी चाचणी खरखरीसाठी. स्क्रीन थोडा पुढे ओढून मागचा एरियलचा प्लग काढला. खर्रर्र बंद, उरली ती एकसारखी पोकळ फिस्स. प्लग लावला, खर्रर्र परत. दार सापडलं: एरियल. सप्लायमध्ये बसवलेला ३५० चा फिल्टर का चालला नाही, तेही कळलं. मागच्या दाराने येणाऱ्या चोरासाठी पुढच्या दाराला कुलूप लावलं होतं.

या तिसऱ्या चाचणीत अजून एक गोष्ट माझ्या कानावर पडली होती. एफएमवर १०१ लावून प्लग काढला आणि लावला, तर दोन्हींत जेवढं अंतर पडायला हवं तेवढं पडत नव्हतं. एरियल लावलेलं असतानाही आवाजाखाली पातळ फिस्स होतीच. ऐकलं, आणि सोडून दिलं. मी खरखरीच्या मागे होतो.

ट्रान्झिस्टर आणि फ्यूज

खरखर एरियलमधून येते, पण पिकते कुठे? यासाठी महागडी उपकरणं असतात. माझ्याकडे आहे दोन पेन्सिल सेलवर चालणारा खिशातला ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा लावायची, आवाज मोठा करायचा आणि गाडीत हळूहळू फिरवायचा. आतला फेराइटचा दांडा दिशाही सांगतो, ट्रान्झिस्टर फिरवला की एका बाजूला आवाज पडतो. डॅशबोर्डवर खरखर थोडी, ग्लोव्ह बॉक्सपाशी जास्त, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या खांबाला, म्हणजे काच आणि दार यांच्या मधल्या पट्टीला लावला तर ट्रान्झिस्टर अक्षरशः ओरडायला लागला.

"डॅशकॅमची वायर तिथूनच वर गेलीय," मी म्हटलं.

"पण तो मी बंद करून पाहिला होता," काका म्हणाले. "बटण दाबून."

बटण दाबलं की कॅमेरा बंद होतो, त्याला वीज देणारा कन्व्हर्टर चालूच राहतो. पण कन्व्हर्टर होता कुठे? लायटरच्या सॉकेटमध्ये काहीच नव्हतं. मग फ्यूज बॉक्स उघडून एकेक फ्यूज काढत गेलो. सहावा काढला आणि खरखर पाण्यात बुडाल्यासारखी थांबली. अ‍ॅक्सेसरीचा १५ अँपिअरचा फ्यूज, आणि त्याच्या पाठीवर दुसरा फ्यूज घेऊन बसलेला 'पिगीबॅक'. त्याची वायर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एका काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत जात होती, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी. ती डबी डबल टेपने चिकटवली होती, आणि तिच्यातून निघालेली वायर एरियलच्या केबलबरोबर एकाच टायने बांधून खांबातून वर गेली होती. या गाडीचं एरियल टपावर पुढच्या काचेच्या वर आहे, त्याची केबल त्याच खांबातून उतरते. फिटरने काम नीटनेटकं केलं होतं. तोच घात झाला.

असे स्वस्त कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन व्होल्टेज कमी करतात. त्या प्रत्येक चालू-बंदच्या कडा धारदार असतात आणि त्यांचे पडसाद मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीपटीत थेट एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. मीडियम वेव्ह तर त्यांच्या अंगणातच. शिवाय एएममध्ये माहिती लाटेच्या उंचीत असते आणि असा कचराही उंचीतच भर घालतो, म्हणून एएमला आधी त्रास होतो. एफएममध्ये माहिती फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असते, रिसीव्हर उंची छाटून टाकतो. अमेरिकी इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट मिळवलेला एफएम मुळात हीच खरखर घालवायला शोधला होता.

निर्णय होता तो डॅशकॅमचं काय करायचं हा. काढून टाकला तर प्रश्न मिटत होता. पण नवले पुलाजवळ कुणीतरी मागून घासून गेलं होतं आणि उलट काकांशीच भांडलं होतं, तेव्हापासून डॅशकॅम हा त्यांचा साक्षीदार. तो राहणार हे नक्की. मग कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना क्लिपचे फेराइट लावले. जुन्या मॉनिटरच्या केबलवर फुगीर गोळा असायचा, तोच हा. वायरीचे तीन वेढे त्यातून काढले, कारण वेढे तिप्पट केले की अडथळा साधारण नऊपट होतो, निदान खालच्या फ्रिक्वेन्सींना. ती वायर टाय तोडून उजव्या खांबातून नेली. या गाडीच्या खांबात पडद्याची एअरबॅग नाही म्हणून हे सोपं गेलं. बऱ्याच नव्या गाड्यांत असते, तिथे वायर एअरबॅगच्या पुढून चुकूनही नेऊ नये.

१०१ स्वच्छ. ७९२ वर खरखर निम्म्याहून कमी. मी बिल केलं, काका खूश होऊन गेले.

गाडी परत आली

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी काका उभे. "गावात मस्त. टोलनाका ओलांडला की फिस्स आहेच. आणि आधीचा स्टिरिओ खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत वाजायचा, हे आत्ता आठवलं."

हे शेवटचं वाक्य पहिल्या दिवशी मिळालं असतं तर! पण ते मी विचारायचं होतं, त्यांनी सांगायचं नव्हतं. जुन्या स्टिरिओवर जिथपर्यंत रेडिओ वाजत होता, तिथपर्यंत नव्यावर वाजत नसेल तर हवेत बदल झालेला नाही, गाडीत झालाय. आणि फिस्स ही खरखर नव्हे. खरखर म्हणजे काहीतरी नको ते आत येतंय, फिस्स म्हणजे हवं ते पुरेसं येत नाहीये. एफएमला एक उंबरठा असतो. सिग्नल त्याच्या वर असेपर्यंत सगळं गोड, खाली गेला की एकदम कोसळतो. काकांच्या गाडीत तो उंबरठा खेड शिवापूरलाच लागत होता.

शुक्रवारी मी मीटरने एरियल तपासलं होतं: केबल तुटलेली नाही, जाळीचा बॉडीशी संपर्क पक्का. त्यावरून 'एरियल ठीक' असं लिहून ठेवलं. मीटर फक्त तांब्याचं सांगतो, सिग्नलचं सांगत नाही. या वेळी वेगळी युक्ती केली. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. तेवढी साधी वायर कापली, जुन्या एरियलच्या प्लगला डकवली, तो प्लग स्क्रीनच्या मागे लावून वायर खिडकीबाहेर उभी धरली. ऑटो स्कॅन दिला. गाडीच्या एरियलवर पाच स्टेशनं थांबत होती, वायरीवर आठ. टपावरचं कंपनीचं एरियल हातभर वायरीपेक्षा कमी पकडत होतं.

टपावरची ती काडी जेमतेम वीतभर आहे, ७५ सेंटिमीटरच्या जवळपासही नाही. म्हणून अशा एरियलच्या बुडात सिग्नल वाढवणारा छोटा बूस्टर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीच्या स्टिरिओतून त्यासाठी एक वेगळी वायर जाते, रेडिओ चालू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात. स्क्रीन पूर्ण बाहेर काढला. गाडीच्या वायरींच्या जुडग्यातली ती वायर टेप गुंडाळून नुसती सोडून दिलेली. आणि स्क्रीनमधून यासाठी निघणारी निळी वायर? ती वूफरला गेली होती. वूफरलाही 'चालू हो' असा इशारा देणारे १२ व्होल्ट लागतात. फिटरला एकच निळी वायर दिसली, त्याने ती वूफरला दिली. बूस्टर दिवाळीपासून उपाशी होता.

थेट जोडण्याआधी एक अँपिअरचा फ्यूज लावलेल्या तात्पुरत्या वायरीने त्या वायरीला १२ व्होल्ट देऊन पाहिले. स्कॅन पाचवरून नऊवर गेला. मग दोन्ही वायरी निळीवर एकत्र घेतल्या. बूस्टर काही मिलिअँपिअरच खातो आणि वूफरचा इशाराही तसाच, त्यामुळे निळीवर भार पडत नाही. निळी वायर कधी मोटर असलेल्या एरियलला किंवा पंख्याला थेट देऊ नये, तिथे रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच, लागतो. असे जळलेले स्क्रीन आमच्याकडे येतात.

दुपारी एक पोरगा काकांबरोबर टोलनाक्यापर्यंत जाऊन आला. १०१ हललं नाही.

एक उलटी चाचणी

संध्याकाळी गाडी अजून आमच्याकडेच होती, म्हणून मी उजव्या खांबातली वायर उतरवून पुन्हा डाव्या खांबात, एरियलच्या केबलला खेटून टाकली आणि फेराइट काढले. म्हणजे आधीची परिस्थिती, फक्त बूस्टर चालू. १०१ वर खरखर जवळजवळ ऐकूच येईना. कान लावला तर शांत बोलण्याच्या मध्ये किंचित. ७९२ वर मात्र होतीच.

कन्व्हर्टरचा आवाज तेवढाच होता. दिवाळीनंतर तो वाढला नव्हता. स्टेशन बारीक झालं होतं, म्हणून तो मोठा वाटत होता. रेडिओ स्वतःहून आवाजाची पातळी सांभाळतो, सिग्नल कमी आला की आतलं अ‍ॅम्प्लिफिकेशन वाढवतो, आणि त्याबरोबर कचराही उचलतो. बूस्टरची वायर पहिल्या दिवशी जोडली असती तर एफएमची तक्रार बहुधा तिथेच संपली असती आणि फेराइट फक्त ७९२ साठी लागले असते.

सगळं पुन्हा जागेवर बसवलं. काकांच्या बातम्यांसाठी काळ्या डबीऐवजी पत्र्याच्या डबीतला कन्व्हर्टर टाकला.

निकाल

शिट्टी पूर्ण गेली. १०१ खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत येतं, घाटात फुटतं, तिथे डोंगरच आडवा आहे. ७९२ वर बातम्या समजतात, पण शांत नाहीत. नऊ इंची स्क्रीन स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्याची भुणभुण मीडियम वेव्हवर येते. ती आम्ही घालवू शकलो नाही, आणि तसं काकांना स्पष्ट सांगितलं.

खर्च: फेराइट २४०, कन्व्हर्टर ६५०, मजुरी १,२००, एकूण २,०९०. आमच्याकडे येण्याआधीचे ६,४५०. दुसऱ्या दिवसाची मजुरी घेतली नाही, ती चूक माझी होती.

आज पुन्हा केलं तर

पहिला प्रश्न हा विचारेन: हा रेडिओ कधी चांगला वाजत होता, आणि तेव्हापासून गाडीत काय काय बदललं? आम्ही 'आवाज कसा आहे' ते विचारलं, 'आधी कुठपर्यंत वाजायचा' ते विचारलं नाही. गिऱ्हाईक स्वतःच कारण देऊन जे वाक्य संपवतं, तेही लिहून घेईन. काकांचं 'रेंजचं असेल' हे वाक्य सगळ्यात महाग पडलं.

चाचण्यांचा क्रम मी बदलणार नाही. इंजिन बंद, व्हॉल्यूम शून्य, एरियल काढा, या तीन गोष्टींना पाच मिनिटं लागतात आणि कुणीही घरच्या घरी करू शकतं. बदलेन ते एवढंच, की एरियल काढल्यावर 'खरखर गेली का' याबरोबर 'स्टेशन किती खाली गेलं' हेही ऐकेन. कमी खाली गेलं तर एरियल आधीपासूनच काम करत नाहीये.

आणि सगळ्यात सोपा उपाय मला सुचलाच नव्हता. कंपनीचा जुना स्टिरिओ काकांच्या माळ्यावर खोक्यात होता. मूळ कपलरला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या प्लगला, तो पंधरा मिनिटांत जोडून पाहिला असता तर बूस्टरला लगेच वीज मिळाली असती, १०१ स्वच्छ लागलं असतं, आणि गाडीचं एरियल ठीक, नव्या स्क्रीनची जोडणी चुकलेली, हे फ्यूज बॉक्स उघडायच्या आधीच कळलं असतं. कपलर कापून नव्या वायरी जोडणारे फिटर असतात, तसं इथे झालं नव्हतं, अ‍ॅडॉप्टर होता. म्हणजे ते शक्यही होतं.

एक गोष्ट राहिलीच आहे. रिव्हर्स टाकला की कॅमेरा चालू होतो आणि रेडिओत पुन्हा घूंऽऽ येतं. कॅमेऱ्याचा सप्लाय मागच्या रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतलाय, त्यालाही फिल्टर लावावा लागेल. काकांना विचारलं, कधी आणता? म्हणाले, राहू दे. रिव्हर्स घेताना मी रेडिओ बंदच करतो आणि मान वळवून मागे बघतो. तो स्क्रीन भाच्याला बघायला.